विमानपुराची जन्मकथा

बेंगळूरचे नाव निघताच मराठी मनाला शहाजीराजांची जहागीर आठवते. १६३८ मध्ये ते नगर राजांकडे आले, ही हकीकत आपण मुलांना अभिमानाने सांगतो, व ते योग्यच होय. परंतु त्याच नगरीशी महाराष्ट्राचा आणखी एक ऋणानुबंध आहे. तो तलवारीचा नसून कानस-हातोड्याचा आहे, आणि म्हणूनच की काय, त्याची आठवण क्वचितच निघते.

१९३९ च्या सप्टेंबरात दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा या देशात विमाने बांधणारा कारखाना नव्हता. सोलापुरास जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी ही उणीव दूर करण्याचे मनावर घेतले. प्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थाशी पडली. चीनमध्ये विमानांचा कारखाना चालविण्याचा त्यास अनुभव होता. प्रश्न उरला जागेचा. तो मैसूर संस्थानाने सोडविला. सर मिर्झा इस्माईल यांच्या दिवाणगिरीत संस्थानाने ७०० एकर जमीन दिली व २५ लाख रुपये भांडवलात घातले. बेंगळूर समुद्रकिनाऱ्यापासून दूर. शिवसमुद्रम्‌ची वीज तेथे १९०५ पासून खेळत होती. नामांकित विज्ञानसंस्थाही गावातच होती. २३ डिसेंबर १९४० रोजी 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट' कंपनीची नोंदणी झाली. पुढे त्या परिसरास विमानपूर हे नावच पडले.

१९४१ मध्ये शिकाऊ वैमानिकांसाठी जुळविलेले पहिले हार्लो विमान तेथून उडाले. १९४२ च्या जुलैत कर्टिस हॉक हे लढाऊ विमानही आकाशात गेले. तथापि तोवर सिंगापूर पडले होते, ब्रह्मदेशही हातचा गेला होता. सरकारला नव्या विमानांपेक्षा मोडक्या विमानांच्या दुरुस्तीची निकड अधिक भासली. १९४२ मध्येच कारखाना सरकारच्या ताब्यात गेला व वालचंदांचा संबंध तुटला. मैसूरने मात्र आपला हिस्सा विकला नाही. १९४३ पासून युद्ध संपेपर्यंत कारभार अमेरिकन हवाई दलाकडे होता. त्या दिवसांत कॅटलिना जातीची जलविमाने बेळ्ळंदूरच्या तलावावर उतरत व तेथून दुरुस्तीस कारखान्यात आणली जात.

याच कारखान्यात कोल्हापूरकडील डॉ. विष्णु माधव घाटगे १९४० मध्ये रुजू झाले. जर्मनीत गटिंगेन येथे प्रांटल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी वायुगतिशास्त्राचे अध्ययन केले होते. १९४१ मध्ये त्यांनी दहा माणसे बसतील अशा ग्लायडरचा आराखडा केला. १९४२ च्या अखेरीस बेंगळूरच्या विज्ञानसंस्थेत विमानविद्येचा विभाग निघाला, तो उभा करण्याची जबाबदारीही त्यांच्याकडेच आली. युद्ध संपल्यावर या कारखान्याने आगगाडीचे डबे बांधले. आणि १९५१ मध्ये घाटग्यांच्या आराखड्यावरून बनलेले 'एचटी-२' हे स्वदेशी शिक्षणविमान उडाले.

यातील बोध स्पष्ट आहे. कारखाना परक्यांच्या युद्धाच्या निकडीने वाढला, मालकी व कारभार पालटत गेले, दुरुस्त झालेली विमाने निघून गेली. मागे राहिली ती हातांत मुरलेली विद्या. ती कोणास जप्त करता आली नाही.

वालचंदांचे व घाटग्यांचे नाव इतिहासात राहिले. परंतु पत्रा ठोकणाऱ्या, रिव्हेट मारणाऱ्या, इंजिन उकलून पुन्हा जुळविणाऱ्या हजारो हातांची नावे कोठे आहेत? आपली ज्ञाती हातांच्या कसबावर जगलेली आहे. लोखंडाचा व लाकडाचा गुण ओळखणाऱ्यास कमी लेखण्याची रीत या देशात जुनी. आपल्या वाडवडिलांनी ती सोसली. विमान बांधण्यास पुस्तकी विद्या हवी तसा सधा हातही हवा, ही साक्ष विमानपूर देते.

त्या पिढीतील बहुतेक मंडळी आता हयात नाहीत. म्हणून सर्व ज्ञातिबांधवांस व भगिनींस विनंती आहे की, बेंगळूर, खडकी वा अन्य कोठल्याही युद्धकालीन कारखान्यात आपल्या घरातील कोणी काम केले असल्यास त्यांचे नाव, गाव, काम व घरात ऐकलेल्या आठवणी लिहून काढाव्यात. जुन्या हत्यारांची पेटी भंगारात घालण्यापूर्वी तिच्यावर कोणाचे नाव कोरले आहे, एवढे तरी पाहावे. इतिहास तेथेही असतो.