केपटाऊनची गॅस शेगडी आणि कोकणी मुसलमान

चुलीचा इतिहास लिहिताना आपल्या डोळ्यांपुढे घरातली चूल असते. मातीची वैलाची चूल, कोळशाची शेगडी, रॉकेलचा स्टोव्ह आणि शेवटी गॅस असा तो ठरलेला क्रम. पण चुलीचा आणखी एक इतिहास आहे, तो प्रवासी चुलीचा. तांड्याबरोबर, लष्कराच्या तळावर, गलबताच्या फळीवर माणसाने विस्तव सोबत नेला. कोकणातल्या दर्यावर्दी मुसलमानांना हे नवे नाही. मात्र त्यांच्यातलेच काही लोक समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला जाऊन राहिले, आणि तिथे या प्रवासी चुलीला एक वेगळाच अर्थ आला. हातात धरून नेता येईल अशी गॅसची जाळीदार शेगडी आज जगभर हौसेची वस्तू म्हणून विकली जाते. केपटाऊनमध्ये तिच्यामागे हौसेपेक्षा बरेच काही आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीस आजच्या रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतून मुसलमान पुरुष केपच्या वसाहतीत जाऊ लागले. मोर्बा, हबसाण, चिपळूणजवळचे कालुस्ते ही नावे तिथल्या कोकणी घरांत अजून घेतली जातात. किराण्याचे लहान दुकान, भाजी-फळांची फेरी, मिळेल ती मजुरी असे त्यांचे धंदे होते. १९०२ च्या केपच्या कायद्याने नव्याने येणाऱ्याला युरोपीय भाषेच्या लिपीत अर्ज लिहून दाखवण्याची अट घातली. १९०६ च्या कायद्यातही ती राहिली. मराठी किंवा उर्दू लिहिता येणारा माणूस या अटीपुढे निरक्षर ठरे. आधीपासून राहणाऱ्याला गावी जाऊन परत यायचे तर मुदतीचा परवाना काढावा लागे. मुदत टळली तर दार बंद. १९१३ च्या कायद्याने नवी आवक जवळजवळ थांबवली. तिथे वास्तव्याचा हक्क असलेल्याच्या बायको-मुलांपुरती फट तेवढी राहिली. त्यामुळे बरीच वर्षे ही वस्ती एकट्या पुरुषांची होती. एका खोलीत पाच-सात जण आणि मध्ये एक चूल, हा त्यांचा पहिला संसार.

केपमध्ये इस्लाम मात्र त्यांच्या आधी दीडशे-दोनशे वर्षे पोहोचला होता. डच ईस्ट इंडिया कंपनीने पूर्वेकडच्या बेटांवरून गुलाम आणि हद्दपार कैदी आणले. त्यांच्यातल्याच तुआन गुरू यांच्या नावाशी जोडलेली बो-काप भागातली अव्वल मशीद १७९४ ची समजली जाते. या 'केप मलय' मुसलमानांनी मशिदीबरोबर एक पाककृतीही रुजवली. चिंचेच्या किंवा व्हिनेगरच्या आंबटात मुरवलेले मांसाचे तुकडे काडीवर ओवून निखाऱ्यावर भाजायचे, म्हणजे 'सोसाटी'. आग्नेय आशियातल्या 'साते'च्या घराण्यातला हा शब्द. कोकणातून गेलेल्या माणसाला सीगवरचे मांस ओळखीचे होतेच. काही कोकणी पुरुषांनी मलय घरांत लग्ने केली आणि दोन्ही मसाले एकाच पाट्यावर आले. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले आणि १८९५ मध्ये डर्बनला उतरलेले सूफी साहेब यांनी केपटाऊनमध्येही हबीबिया मशीद उभी केली. नमाजेची जागा झाली, दस्तरख्वान झाला. कायद्याने माणूस कुठे बसू शकतो, हा प्रश्न राहिलाच.

दक्षिण आफ्रिकेत उघड्यावर मांस भाजण्याला 'ब्राय' म्हणतात. तो शब्द आफ्रिकान्स भाषेचा, मूळ डच. बोअर शेतकऱ्यांच्या बैलगाड्यांच्या प्रवासाशी त्याचे नाते सांगितले जाते. शेतावर नांगराची झिजलेली लोखंडी तबकडी कढईसारखी जाळावर ठेवून त्यात मांस, कांदा, अंडी परतत. 'स्कॉटल' म्हणजे थाळी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच तबकडीखाली लाकडाऐवजी गॅसचा बर्नर आणि त्याखाली लहान सिलिंडर आला. १९४८ पासून गॅसची उपकरणे बनवणाऱ्या कॅडॅक या तिथल्या कंपनीचे स्कॉटल घराघरांत पोहोचले. तीन पायांवर उभी थाळी, खाली सिलिंडर, सगळे मोटारीच्या डिकीत मावणारे. पुढे तिचीच धाकटी भावंडे आली. सुमारे तीस सेंटीमीटर व्यासाची गोल शेगडी, वर हवी तर जाळी, हवा तर सपाट तवा, हवे तर पातेल्याचा आधार.

१९४८ हे साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवावे लागते. त्याच वर्षी नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि वर्णभेदाला राज्यधोरणाचे रूप मिळाले. १९५० च्या ग्रुप एरियाज कायद्याने राहण्याच्या वस्त्या वंशवार वाटल्या. १९५३ च्या वेगळ्या सोयींच्या कायद्याने बाके, बागा, स्वच्छतागृहे, समुद्रकिनारे वाटले, आणि त्या सोयी समान दर्जाच्या असायला हव्यात ही अपेक्षाही कायद्यानेच काढून टाकली. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी केपटाऊनचा डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग गोऱ्यांसाठी जाहीर झाला. तिथून साठ हजारांहून अधिक माणसे उठवली गेली, घरे पाडली गेली. मशिदी आणि चर्च तेवढे उभे राहिले. भारतीय ठरवलेल्या कुटुंबांना रायलँड्ससारख्या वस्त्यांत जावे लागले. कोकणी मुसलमानांची मोठी वस्ती आज तिथेच आहे.

या काळात सुटीच्या दिवशी समुद्रावर जाणाऱ्या कोकणी कुटुंबाचा विचार करा. चांगला किनारा गोऱ्यांचा. रस्त्यावरच्या उपाहारगृहात बसायची मुभा नाही. मुभा असती तरी तिथले मांस हलाल नाही. कायद्याने एक दार बंद केलेले, दीनने दुसऱ्या दाराशी जपून वागायला सांगितलेले. मग घरूनच सगळे न्यायचे. मांस, मसाला, पाणी आणि विस्तवसुद्धा. केपच्या मुसलमानांत ईस्टरच्या आणि डिसेंबरच्या सुट्यांत समुद्राकाठी तंबू ठोकून राहण्याची जी रीत आहे, तिच्या मुळाशी ही अडवणूकही आहे. नातेवाईक शेजारी शेजारी तळ टाकतात, जमातीची नमाज होते, स्वयंपाक एकत्र होतो. फॉल्स बे उपसागरावरचा स्ट्रँडफोंटेन किनारा 'कलर्ड' वर्गासाठी ठेवला होता. वारा आणि वाळू यांचाच तो किनारा. तिथे लाकडाचा जाळ धरणे जिकिरीचे. गॅसची शेगडी मोटारीच्या आडोशाला पाच मिनिटांत पेटते, आणि कुणी हटकले तर पाच मिनिटांत आवरताही येते. ही दुसरी सोय पहिलीपेक्षा कमी महत्त्वाची नव्हती.

केपचा उन्हाळा कोरडा असतो आणि आग्नेयेचा वारा दिवसचे दिवस घोंगावतो. एक ठिणगी डोंगर पेटवते. २००० च्या जानेवारीत, २०१५ च्या मार्चमध्ये आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये टेबल माउंटनच्या रांगेत मोठे वणवे लागले. शेवटच्या वणव्यात केपटाऊन विद्यापीठाच्या जॅगर वाचनालयाचा अमोल संग्रह जळाला. म्हणून डोंगराच्या परिसरात उघड्या जाळावर कडक निर्बंध आहेत. जिथे परवानगी आहे, तिथे पालिकेने सिमेंटचे ओटे आणि लोखंडी जाळ्या बसवल्या आहेत. पण त्या जाळीवर आपल्या आधी काय भाजले गेले, हे मुसलमानाला ठाऊक नसते. 'बुअरवोर्स' हा तिथला लाडका सॉसेज. त्यात निदान नव्वद टक्के मांस असावे असा सरकारी नियम आहे, पण ते गाय, मेंढी किंवा डुक्कर यांपैकी कशाचेही चालते. मुसलमान खाटकांनी त्याचा हलाल अवतार केव्हाच बनवला. सार्वजनिक जाळीचे काय?

शरीअतमध्ये याचे उत्तर अवघड नाही. दुसऱ्या धर्माच्या लोकांची भांडी वापरावी का, असे अबू सअलबा खुशनी यांनी विचारले होते. दुसरी मिळत असतील तर ती घ्या, नसतील तर धुऊन वापरा, असा जबाबाचा आशय बुखारीत आला आहे. म्हणजे मनाई नाही, मार्ग आहे. पण समुद्रावर, वाऱ्यात, कुणाची तरी चरबी कडकडीत वाळलेली जाळी घासत बसण्यापेक्षा स्वतःची शेगडी बरी, हा व्यवहार झाला. या व्यवहारामुळे ती शेगडी निव्वळ भांडे राहिली नाही. तिच्यावर काय शिजले, कुणी शिजवले, याची सगळी माहिती एका कुटुंबाकडे असते. बुजुर्गांच्या दृष्टीने ही फार मोठी निश्चिंती आहे.

आता चवीचा प्रश्न. गॅसवर भाजलेल्याला कोळशाची चव नाही, अशी तक्रार तिथेही आहे आणि आपल्याकडेही. तिच्यात तथ्य आहे, पण अर्धेच. मांसाला तांबूस रंग आणि खमंगपणा येतो तो साधारण एकशे चाळीस अंशांपुढच्या कोरड्या उष्णतेने. ती कोळशाची आहे की गॅसची, हे मांसाला कळत नाही. धुराचा वास बराचसा येतो तो चरबी निखाऱ्यावर टपकून जळते तेव्हा. लहान गॅस शेगडीत जाळीखालची चरबी ज्योतीवर न पडता कडेच्या पन्हळीत जावी अशी रचना असते. त्यामुळे भडका उडत नाही, काजळी कमी धरते, आणि वासही कमी येतो. हा सौदा आहे. सोसाटी आंबटात मुरलेली असल्याने तो तिला सोसतो. सीगकबाबाला मात्र जाळी आधी चांगली तापवावी लागते, नाहीतर खिमा चिकटतो आणि पाणी सुटून उकडल्यासारखा होतो. तुकडे लहान आणि एका मापाचे, जाळी अर्धीच भरलेली, आणि दर मिनिटाला उलटण्याचा मोह टाळलेला, एवढे पथ्य या शेगडीला पुरते. वाऱ्याला आडोसा हवा, पण तो सिलिंडरला वेढणारा नको, कारण टाकी तापणे धोक्याचे. गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. तंबूत शेगडी पेटवू नये हे तर प्रत्येक तळावर मुलांनाही ठाऊक असायला हवे, कारण कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो.

समुद्रकिनाऱ्यांवरच्या पाट्या १९८९ च्या अखेरीस उतरू लागल्या आणि १९९० मध्ये वेगळ्या सोयींचा कायदा रद्द झाला. १९९४ मध्ये सगळ्यांनी मतदान केले. २४ सप्टेंबर हा वारसा दिन आता ब्रायचा दिवस म्हणूनही साजरा होतो. २००७ मध्ये आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी त्या कल्पनेला पाठिंबा दिला, कारण विस्तवाभोवती जमण्याची रीत सर्व वंशांत आहे असे त्यांना वाटे. २००८ पासून वीजकपातीने देशाला ग्रासले, २०२३ मध्ये तिने कळस गाठला, आणि सहलीची शेगडी स्वयंपाकघराच्या ओट्यावरही आली. इफ्तारच्या वेळी दिवे गेले तरी समोसे तळले गेले ते तिच्याच आधाराने.

पाट्या गेल्या, तरी तळांवर स्वतःची शेगडी नेण्याची रीत टिकली. याचे दोन अर्थ लावता येतात. एक असा की कौमने भोवतालच्या लोकांपासून अंतर राखले. दुसरा असा की ज्याला कुणी टेबलाशी बसू दिले नाही, त्याने स्वतःचा दस्तरख्वान घडवला आणि आता तो मोडायचे कारण उरले नाही. दोन्हींत काही खरे आहे. पण एक गोष्ट या शेगडीच्या बाजूने सांगता येते. सरकारी ओटा जागचा हलत नाही, तिथे पोहोचावे लागते आणि नंबर लावावा लागतो. हातातली शेगडी उचलून शेजाऱ्याच्या तळाशेजारी नेता येते. सोसाटीची पहिली खेप कुणाला द्यायची, हे तिच्या मालकाच्या हाती असते.

आपल्याकडे मुंबई-पुण्यात आजही घर भाड्याने देताना 'मांस शिजवता का?' हा प्रश्न कधी उघड, कधी आडून विचारला जातो. मोर्ब्याहून केपला गेलेल्या माणसांच्या नातवंडांना तो ऐकून आश्चर्य वाटणार नाही. स्वयंपाकाचा वास हा दुसऱ्याला हाकलण्याचा बहाणा कसा होतो, हे त्यांच्या घरांनी पाहिले आहे. त्या बहाण्याला त्यांनी दिलेले उत्तर तीन पायांवर उभे राहते आणि डिकीत मावते. कोकणातल्या कुणाच्या घरी ते आलेच, तर भेट म्हणून आलेल्या वस्तूंमध्ये त्याच्याकडे थोडे अधिक आदराने पाहावे.