हम्बोल्टचा डोंगर

नारळ कोकणात आणि देवदार हिमालयात, हे आपण वर्गात सहज सांगून जातो. पण देवदार कोकणात का नाही? प्रत्येक सजीवाला आपापलं हवामान लागतं, हे शेतकऱ्यांना आणि प्रवाशांना पूर्वीपासून ठाऊक होतं. ते मोजून, आकड्यांत मांडून दाखवण्याचं काम मात्र जेमतेम सव्वादोनशे वर्षांपूर्वी सुरू झालं. त्याचं मोठं श्रेय अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट (१७६९-१८५९) या जर्मन शास्त्रज्ञाकडे जातं.

२३ जून १८०२ रोजी हम्बोल्ट, फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ एमे बोनप्लाँ आणि त्यांचे सोबती चिंबोराझो पर्वत चढत होते. आज इक्वेडोर देशात असलेला हा पर्वत सुमारे ६,२६० मीटर उंच आहे. त्या काळी तो जगातला सर्वांत उंच पर्वत समजला जाई. वाटेत खोल घळ आडवी आल्यामुळे त्यांना शिखर काही गाठता आलं नाही. पण हम्बोल्टची खरी कमाई शिखरावर नव्हतीच. अँडीज पर्वतरांगांतल्या या प्रवासात तो जिथे जाई तिथे वायुभारमापकावरून उंची काढी, तापमान मोजी, आणि त्या उंचीवर कोणत्या वनस्पती उगवतात ते टिपून ठेवी.

१८०७ साली त्याने हे सारं एका मोठ्या चित्रात मांडलं. चित्रात पर्वताचा उभा छेद आहे आणि ज्या उंचीवर जी वनस्पती आढळली, त्या उंचीवर तिचं नाव लिहिलेलं आहे. दोन्ही बाजूंच्या रकान्यांत तापमान, हवेचा दाब, आर्द्रता, एवढंच नव्हे तर आकाशाच्या निळेपणाचीही मोजमापं आहेत. विषुववृत्ताजवळच्या या डोंगरांच्या पायथ्याशी उष्ण प्रदेशातली घनदाट जंगलं आणि माथ्यावर कायमचं बर्फ! डोंगर चढणं म्हणजे जणू विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे जाणं, हे या चित्रातून एका नजरेत कळतं.

असं का होतं? उंची हजार मीटरनी वाढली की तापमान सरासरीनं सुमारे ६ अंश सेल्सिअसनं उतरतं. वर जावं तसं रात्री गोठण्याचं प्रमाण वाढतं. पेशींमधलं पाणी गोठलं तर वनस्पतीला इजा होते, आणि थंडीत वाढही मंदावते. म्हणून वनस्पतीची वरची हद्द बहुधा थंडी ठरवते. खालची हद्द मात्र बऱ्याचदा शेजारी ठरवतात. उंचावरची बुटकी झुडपं खाली आणून जोपासली तर त्यांतली कितीतरी जगतात, पण मोकळ्या रानात उंच झाडं त्यांचा प्रकाश अडवतात. म्हणजे हवामान काही वेळा थेट काम करतं, तर काही वेळा कोण वरचढ ठरणार हे ठरवून.

आता हवामानच बदललं तर? हे पाहायला जुनी नोंद लागते, आणि हम्बोल्टची नोंद तयारच होती. २०१२ मध्ये शास्त्रज्ञांचा एक गट चिंबोराझोवर गेला. त्यांचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले: वनस्पती सरासरी ५०० मीटरहून अधिक वर सरकल्या होत्या.

पण गोष्ट इथे संपली नाही. पिएर मोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हम्बोल्टच्या मूळ नोंदी आणि वाळवून ठेवलेले नमुने पुन्हा तपासले. चित्रावर नाव चिंबोराझोचं असलं, तरी उंचावरच्या बहुतेक वनस्पतींची माहिती अँतिसाना नावाच्या दुसऱ्याच पर्वतावरची होती! मग त्यांनी अँतिसानावरच जाऊन पाहणी केली. २०१९ मध्ये त्यांनी जाहीर केलेला आकडा होता २१५ ते २६६ मीटर. वनस्पती वर सरकल्या हे खरंच ठरलं. किती सरकल्या, तो आकडा निम्म्यावर आला.

हे सरकणं कुठवर चालेल? पेरू देशातल्या एका डोंगरावर १९८५ मध्ये पक्ष्यांची पाहणी झाली होती, ती २०१७ मध्ये पुन्हा केली गेली. बहुतेक जाती वर सरकलेल्या दिसल्या. मात्र पूर्वी माथ्यावरच राहणाऱ्या काही जाती तिथे सापडल्याच नाहीत. माथ्याच्या वर त्यांना जायला जागा नव्हती. आपल्या सह्याद्रीतलं कळसूबाईही १,६४६ मीटरवर संपतं.

विद्यार्थ्यांना घेऊन एखादा गड चढाल तेव्हा वनस्पतींची यादी जरूर करा. मात्र प्रत्येक नावापुढे तारीख, नेमकी जागा आणि उंची लिहायला विसरू नका. पन्नास वर्षांनी ती वही कुणी उघडली, तर ‘गडावर आढळली’ एवढ्या नोंदीवरून त्याला वनस्पती वर सरकली की नाही, हे सांगता येणार नाही.