‘आधीं बीज एकलें’ : बोलपटांतून आलेलें एक पद

बोलपटाच्या द्वारें नवें गाणें घरोघर पोहोंचतें, ही गोष्ट आतां कोणास सांगावयास नको. परंतु अशा मार्गानें आलेलें गाणें कधीं कधीं जुन्याचा वेष घेऊन वावरूं लागतें, आणि हस्तलिखितांच्या संग्राहकासहि चकवितें. ‘आधीं बीज एकलें’ हें सुप्रसिद्ध पद याचें ठळक उदाहरण होय. तें श्रीतुकाराममहाराजांचें, असा समज महाराष्ट्रांत दूरवर पसरलेला आहे. तो निराधार कसा, व या पदाचा संशोधनास उलट उपयोग कसा करून घेतां येईल, हें येथें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रभात फिल्म कंपनी १९२९ सालीं कोल्हापुरास स्थापन झाली व १९३३ सालीं पुण्यास आली. दामले व फत्तेलाल यांनीं दिग्दर्शित केलेला तिचा ‘संत तुकाराम’ हा बोलपट इ. स. १९३६ (शके १८५८) मध्यें प्रकाशित झाला. संगीत केशवराव भोळे यांचें व तुकोबांची भूमिका विष्णुपंत पागनीस यांची होती. प्रस्तुत पद शांताराम आठवले यांनीं या बोलपटाकरितां नवें रचिलें. बोलपटांत तुकोबांचे अस्सल अभंगहि आहेत. त्यांच्याच पंक्तीस हें पद बसलें व त्याच मुखानें गाइलें गेलें. ऐकणारानें दोहोंत भेद केला नाहीं, यांत नवल तें काय?

आतां प्रमाणें पाहूं. शंकर पांडुरंग पंडित व विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनीं संपादिलेला गाथा इंदुप्रकाश छापखान्यांतून १८६९ व १८७३ सालीं दोन भागांत निघाला. त्यांतील साडेचार हजारांवर अभंगांत हें पद नाहीं. संताजी तेली जगनाडे यांच्या वह्यांवरून वि. ल. भावे यांनीं छापलेल्या गाथ्यांतहि तें नाहीं. अंतर्गत प्रमाणहि असेंच आहे. अखेरीस ‘तुका म्हणे’ ही मुद्रा नाहीं, आणि चरणांची मांडणी मोठ्या अभंगाची नव्हे, लहान अभंगाचीहि नव्हे.

भ्रम होण्यास आणखी एक कारण झालें. पदांतील कल्पना फार जुनी आहे. छांदोग्योपनिषदाच्या सहाव्या अध्यायांत उद्दालक श्वेतकेतूकडून वडाचें फळ फोडवून बीजांतील सूक्ष्म तत्त्वाचा बोध करितो. परंतु कल्पनेचें वय तें रचनेचें वय नव्हे, हा विवेक संशोधकानें कधींहि सोडूं नये.

गाथ्यांत ज्याचा नामनिर्देश आहे तो सालोमालो या बोलपटांत तुकोबांचीं कवनें आपलीं म्हणून मिरवितो. त्याच बोलपटांतील आठवल्यांचें पद लोकांनीं तुकोबांच्या नांवावर घातलें! तेथें चोरी होती, येथें भक्ति होती. पण खऱ्या कर्त्याचें नांव दोन्हीकडे सारखेंच लोपलें.

संग्राहकांस या पदाचा उपयोग कालनिर्णयाच्या कामीं होईल. ज्या भजनी वहींत हें पद सलग मजकुरांत, त्याच हातानें लिहिलेलें आढळेल, तो मजकूर १९३६ पूर्वींचा असूं शकत नाहीं, मग कागद कितीहि जीर्ण दिसो. कोऱ्या राहिलेल्या पानावर तें मागाहून उतरलें असेल, तर शाई व अक्षराचें वळण पाहून तेवढ्या पानापुरताच निर्णय करावा. मात्र असें पद सांपडलें म्हणून वही कवडीमोल ठरवूं नये. गांवच्या भजनी मंडळानें बोलपटांतील नवें गाणें आपलेंसें केलें, याचा तो लेखी पुरावाच होय.

याच कारणास्तव, चित्रपटगृहांत पूर्वीं विकल्या जात असलेल्या गाण्यांच्या पुस्तिकांकडे विद्वानांचें लक्ष वेधणें आम्हांस अगत्याचें वाटतें. कथासार, पदें व कर्त्यांचीं नांवें त्यांत एकत्र मिळतात. कागद हलका असल्यामुळें त्या रद्दींत जातात आणि त्यांबरोबर कर्त्याचें नांवहि जातें. जुन्या पोथ्यांच्या रुमालांशेजारीं या पुस्तिकांस व जुन्या तबकड्यांस जागा द्यावी. उद्यां एखाद्या पदाच्या कर्तृत्वाचा वाद उपस्थित झाला, तर निर्णय त्यांच्याच साक्षीनें होईल.