मातीत जपलेला संसार

महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांनी आपल्याविषयी एक अक्षरही लिहून ठेवलेले नाही. तापी, गोदावरी, प्रवरा, भीमा आणि घोड या नद्यांच्या काठी इ. स. पूर्व दुसऱ्या सहस्रकात त्यांची गावे नांदत होती. त्यांची भाषा, त्यांच्या देवतांची नावे किंवा त्यांच्या गावप्रमुखांचे पराक्रम यांपैकी काहीही आज ज्ञात नाही. असे असूनही त्यांच्या घरांची रचना, त्यांचे अन्न, त्यांचे व्यवसाय, इतकेच नव्हे तर त्यांचे दुःखही बऱ्याच तपशिलाने सांगता येते. याचे श्रेय जाते ते पांढरीच्या टेकाडांत दडलेल्या खापरांना, मातीच्या मूर्तींना आणि अस्थींना.

या संस्कृतीला 'जोर्वे' हे नाव मिळाले ते संगमनेर तालुक्यातील जोर्वे या गावावरून. तेथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले. चाकावर घडविलेली, उत्तम भाजलेली, लाल पृष्ठभागावर काळ्या रंगात भौमितिक नक्षी काढलेली मृद्भांडी ही तिची ओळख. टिचकी मारली असता या भांड्यांतून धातूसारखा नाद निघतो. असा नाद येण्यासाठी भट्टीतील उष्णता दीर्घकाळ आणि समप्रमाणात राखावी लागते. म्हणजेच कुंभारकाम हा येथे कुशल कारागिरांचा व्यवसाय बनला होता, हे केवळ खापरावरून कळते. तांबे मात्र दुर्मीळ होते. त्यामुळे दैनंदिन कापण्या-सोलण्यासाठी गारगोटीच्या जातीच्या दगडांची छोटी पातीच वापरात राहिली. तांबे आणि पाषाण यांच्या या सहवासामुळेच हा काळ 'ताम्रपाषाणयुग' म्हणून ओळखला जातो.

या जीवनाचे सर्वांत सविस्तर चित्र उभे राहिले ते पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे. घोड नदीकाठच्या या वसाहतीचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून दीर्घकाळ केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. झेड. डी. अन्सारी आणि डॉ. म. के. ढवळीकर यांचा त्यात प्रमुख वाटा होता. सुमारे इ. स. पूर्व १६०० ते ७०० या नऊशे वर्षांच्या वस्तीतील १३० हून अधिक घरांचे अवशेष येथे उजेडात आले. कुंभार, सोनार, मणी घडविणारे अशा कारागिरांची घरे वस्तीच्या कडेला, तर सधनांची मध्यभागी होती. सातू हे मुख्य पीक होते आणि पाण्यासाठी पाट व बांध घालण्यात आला होता.

दफनाची पद्धत तर अधिकच बोलकी आहे. मृतांना घरातील जमिनीखाली किंवा अंगणातच पुरले जाई. प्रौढांचे डोके उत्तरेकडे असे आणि घोट्याखालचा पायाचा भाग तोडलेला असे. मृताने घर सोडून जाऊ नये, अशी भावना त्यामागे असावी, असे संशोधकांनी सुचविले आहे. लहान मुलांसाठी दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवत. अशा दफनांची मोठी संख्या त्या काळच्या बालमृत्यूंची तीव्रता सांगते. एक अपवाद मात्र लक्षणीय आहे. वस्तीच्या मध्यभागी, धान्यकोठार असलेल्या पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घातलेल्या स्थितीत एका पुरुषाचा सांगाडा मिळाला. त्याची पावले शाबूत होती. हा वसाहतीचा प्रमुख असावा, हे अनुमान घर, कोठार आणि रांजण या तिन्हींच्या सान्निध्यावरून निघाले.

एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची झाकणबंद पेटी सापडली. आत स्त्रीमूर्ती, वर एक शिरोहीन स्त्रीमूर्ती आणि बैल. ओबडधोबड अशा या मूर्तींना बाजारात किंमत शून्य. परंतु घराच्या जमिनीखाली जपून पुरलेल्या या वस्तूंतून घरगुती श्रद्धेचे दर्शन घडते. इ. स. पूर्व १००० च्या सुमारास मोठ्या आयताकृती घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शिकारीवरील भिस्त वाढली. वाढत्या अवर्षणाशी हा बदल जोडला जातो.

याउलट उदाहरण प्रवराकाठच्या दायमाबादचे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील या गावी १९७४ मध्ये चार कांस्यशिल्पे आकस्मिकपणे मिळाली : बैलजोडीचा रथ व त्यावर उभा सारथी, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकूण वजन ६० किलोहून अधिक. भारतीय धातुकलेतील हे अनमोल लेणे होय. तथापि शास्त्रीय उत्खननातील थरांतून न मिळाल्याने त्यांचा काळ वादग्रस्त ठरला. अनेक अभ्यासक त्यांना उत्तर हडप्पा काळातील मानतात. धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणावरून डॉ. डी. पी. अग्रवाल यांनी त्यावर शंका उपस्थित केली. नंतर तेथे झालेल्या विस्तृत उत्खननानेही हा प्रश्न निर्विवाद सुटला नाही.

कच्च्या मातीची पेटी जे सांगू शकते, ते कधी कधी भव्य कांस्यरथही सांगू शकत नाही. कारण वस्तूचा अर्थ तिच्या जागेशी बांधलेला असतो. शेजारी काय होते, वर-खाली कोणता थर होता, यांची नोंद हाच तिचा खरा दस्तऐवज. खतासाठी वा बांधकामासाठी पांढरीची माती उपसली जाते, तेव्हा नष्ट होतो तो हाच दस्तऐवज. फुटलेले खापर सांधता येते. विस्कटलेला थर पुन्हा रचता येत नाही.