बौद्ध धर्म व आध्यात्मिक रोगनिवारण

मंत्रपठन, ध्यान, हस्तस्पर्श इ. मार्गांनी व्याधी दूर करण्याच्या पद्धतींना सामान्यपणे आध्यात्मिक उपचार म्हणतात. त्यांपैकी काहींचा संबंध बौद्ध धर्माशी जोडला जातो. तथापि तो सर्वत्र सारखा नाही.

पाली विनयपिटकातील महावग्गात आजारी भिक्षूंसाठी तूप, लोणी, तेल, मध व काकवी ही पाच औषधे विहित केली असून रुग्णसेवेला बुद्धसेवेचे मोल दिले आहे. याउलट, दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात मंत्रतंत्रावर उपजीविका करणे भिक्षूंना अनुचित मानले आहे. संरक्षणार्थ सुत्तांचे पठन, म्हणजे परित्त, मात्र रूढ झाले. परंतु कर्म, क्लेश व अश्रद्धा यांमुळे ते निष्फळ ठरते, अशी मर्यादा मिलिंदपञ्ह या ग्रंथात सांगितली आहे. महायान पंथात अवलोकितेश्वर हा संकटनिवारक मानला गेला. भक्तांना महाभयांतून सोडविणारे त्याचे शिल्प औरंगाबादच्या सातव्या लेण्यात आढळते.

आधुनिक महाराष्ट्रातील महत्त्वाचे उदाहरण विपश्यनेचे होय. मंडाले येथे जन्मलेले सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) तीव्र अर्धशिशीने त्रस्त होते. त्यासाठी त्यांना मॉर्फीन घ्यावे लागे. १९५५ मध्ये ते ब्रह्मदेशातील आचार्य ऊ बा खिन (१८९९–१९७१) यांच्याकडे गेले. पण केवळ डोकेदुखी घालविण्यासाठी साधना शिकविण्यास आचार्यांनी नकार दिला. चित्तशुद्धी हे साध्य व रोगमुक्ती हे आनुषंगिक फळ, ही भूमिका स्वीकारल्यावरच त्यांना प्रवेश मिळाला. गोएंका १९६९ मध्ये भारतात आले व १९७६ मध्ये इगतपुरी (जि. नासिक) येथे धम्मगिरी केंद्र सुरू झाले.

रेकीची परंपरा निराळी आहे. जपानमधील मिकाओ उसुई (१८६५–१९२६) यांनी १९२२ मध्ये ती प्रवर्तित केली. क्योतोजवळील कुरामा या मंदिरयुक्त पर्वतावरील त्यांच्या तपामुळे तिचा बौद्ध धर्माशी संबंध सांगितला जातो. परंतु पाली ग्रंथांत या पद्धतीचा उल्लेख नाही. नंदुरबार जिल्ह्याच्या सातपुडा भागातील आदिवासींमध्ये झाडपाला व मंत्र यांनी उपचार करणाऱ्या भगतांची परंपराही स्वतंत्र असून ती बौद्ध नव्हे.

हा भेद व्यवहारातही महत्त्वाचा आहे. सर्प, विंचू वा कुत्रा चावल्यास वैद्यकीय उपचार रोखून मंत्रतंत्र वा गंडेदोरे यांसारखे उपाय करणे, हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणा प्रतिबंधक अधिनियमान्वये गुन्हा आहे. औषध हाती असता ते नाकारण्यास विनयपिटकाचाही आधार मिळत नाही.