गळ आणि जीवदान

मासा गळाला लागला म्हणजे त्याची कथा संपली, अशी आपली सर्वसाधारण समजूत. नौपाड्यासारख्या सुशिक्षित वस्तींत मासळीचा संबंध बहुधा बाजाराशीं व ताटाशीं. त्यामुळें मासा धरून पुन्हा पाण्यांत सोडणें हा कित्येकांस रिकामपणाचा उद्योग वाटेल. परंतु या उद्योगाला इतिहास आहे, आणि त्या इतिहासांत धातूच्या एका वांकड्या तुकड्याला मोठें महत्त्व आहे.

गळ टाकणें ही केवळ पोटाची विद्या नव्हे, हें आपल्याकडे फार पूर्वींच मान्य झालें होतें. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत रचिलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत राजाच्या करमणुकींमध्यें ‘मत्स्यविनोद’ असें स्वतंत्र प्रकरण आहे. ही कल्याणी म्हणजे आमच्या शेजारचें कल्याण नव्हे. बिदर जिल्ह्यांतील बसवकल्याण. माशांच्या जाती, त्यांचें खाद्य, दोरी व काठी यांचा त्या प्रकरणांत बारकाईनें विचार केलेला आहे.

इंग्रजी अमदानींत या विद्येस नवें वळण लागलें. कर्नल साइक्स यांनीं १८३९ सालीं दख्खनच्या माशांचें वर्णन करतांना मुळा-मुठेंतील एका महासीरास ‘खुद्री’ हें नांव दिलें; शास्त्रांत तें आजही कायम आहे. पुढें १८७३ सालीं मद्रास इलाख्यांतील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांचें ‘द रॉड इन इंडिया’ हें पुस्तक निघालें, आणि साहेबलोकांस विलायतेंतील साल्मनच्या तोडीचा मासा हिंदुस्थानांत सांपडला. महासीराच्या तोंडाचा दाब असा जबर कीं, नाजूक गळ त्यांत चेपून जावा. म्हणून गळ जाड हवा, त्यास उलटा काटा हवा, कित्येकदां तो तीन टोकांचा हवा. गळ टिकेल काय, हा त्या काळचा प्रश्न होता.

सोडलेला मासा टिकेल काय, हा आजचा प्रश्न आहे. मासा पोहत दिसेनासा झाला एवढ्यावरून तो वांचला असें होत नाहीं. गळ ओठांत किंवा जबड्याच्या कोपऱ्यांत रुतला, तर जखमेवर बहुधा निभावतें. तोच कल्ल्यांत वा घशांत गेला, तर रक्तस्राव होऊन मासा मागाहून कोणाच्या नजरेस न पडतां मरतो. खाण्याचें आमिष मासा गिळतो, म्हणून गळ खोल जाण्याचा संभव त्यांत अधिक. उलट्या काट्यामुळें गळ काढण्यास वेळ लागतो, मांस फाटतें, आणि तेवढा वेळ मासा पाण्याबाहेर तडफडतो. टोक आंत वळलेला वर्तुळाकार गळ मात्र ओढ बसतांच घशांतून सरकत येऊन बहुधा जबड्याच्या कोपऱ्यांत बसतो. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्रांत साल्मन धरणाऱ्यांस बिनकाट्याच्या गळाची सक्ती आहे, ती याच कारणासाठीं.

आपल्या देशांत या प्रश्नाचें गांभीर्य कावेरीवर दिसतें. १९७० नंतर टाटांच्या वीज कंपनीनें लोणावळ्यास महासीराची पैदास सुरू केली, आणि तेथील निळ्या परांचे मासे कावेरींतही सोडले गेले. तेथें मासा धरून सोडणाऱ्या छंदी लोकांनीं १९९८ ते २०१२ पर्यंत ठेविलेल्या नोंदींवरूनच उघड झालें कीं, पाहुणा मासा वाढत आहे व मूळचा कुबडा महासीर नाहींसा होत आहे. २०१८ सालीं त्या कुबड्या जातीची गणना अतिसंकटग्रस्त वर्गांत झाली. म्हणजे गळ टाकणाऱ्यांनींच तिच्या ऱ्हासाची साक्ष दिली. तेव्हां त्यांस सरसकट दोष देणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. मात्र जी जात इतकी घटली, तिचा एक प्रौढ मासाही सोडल्यानंतर मरणें परवडणारें नाहीं.

पूर्वीं ठाणें जिल्ह्यांत असलेल्या व २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत गेलेल्या वाडा तालुक्यांत, वैतरणेच्या कांठीं तिळसें येथें महादेवाचें देऊळ आहे. तेथील डोहांतील महासीर देवाचे म्हणून राखले जातात. इतर पाण्यांत गळ पडणारच. तेथें मासा हातांतून सोडतांना येणाऱ्या दयेपेक्षां घरून निघतांना पेटींत कोणता गळ ठेविला, यावर त्या जिवाचें वांचणें अधिक अवलंबून राहतें.