पिवळ्या पुस्तिकेची पूर्वकथा

आमच्या धर्मग्रामातील एखादा तरुण जहाजावर नोकरीस लागला आणि त्याचे जहाज आफ्रिकेच्या किंवा दक्षिण अमेरिकेच्या बंदराला जाणार असले, की पासपोर्टासोबत त्याच्याजवळ एक पिवळी पुस्तिका येते. पीतज्वराची लस टोचल्याचा तो दाखला. पूर्वी तो दहा वर्षेच चाले. २०१६ पासून तो आयुष्यभर ग्राह्य धरला जातो. कपाटात पडून राहणाऱ्या या पुस्तिकेचा इतिहास फार थोड्यांना ठाऊक असेल. त्यात आपल्या देशातील मुक्या प्राण्यांचाही वाटा आहे, म्हणून तो येथे सांगावासा वाटतो.

पीतज्वर डासामार्फत पसरतो हे १९०० साली क्यूबामध्ये वॉल्टर रीड यांच्या पथकाने सिद्ध केले. परंतु हा रोग कोणत्याही प्राण्यात उत्पन्न करता येत नव्हता. प्रयोग करायचा तो माणसावरच. आणि त्या पथकातील जेसी लॅझीअर यांना प्राणास मुकावे लागले. ही कोंडी फुटली १९२७ साली, पश्चिम आफ्रिकेत. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या संशोधकांनी गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घानातील, असिबी नावाच्या २८ वर्षांच्या रुग्णाचे रक्त ऱ्हीसस जातीच्या माकडाला टोचले. असिबी बरा झाला. माकड मात्र मेले. आफ्रिकेतील माकडे या रोगाला सहसा बळी पडत नसत. हिंदुस्थानातून नेलेल्या या जातीच्या माकडांना त्याची कधी ओळखच झालेली नव्हती. त्याच वर्षी या पथकातील एड्रियन स्टोक्स पीतज्वराने वारले. १९२८ साली अक्रा येथे हिदेयो नोगुची आणि विल्यम यंग हेही गेले.

रोग कोणत्या प्राण्याला होतो हे कळले, तरी विषाणू दुबळा कसा करावा हा प्रश्न उरलाच. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले मॅक्स थायलर यांनी अमेरिकेत उंदरांच्या मेंदूत हा विषाणू वाढवून दाखविला. या कामात १९२९ साली त्यांना स्वतःलाही सौम्य पीतज्वर झाला. एका उंदरापासून दुसऱ्याकडे असा तो नेत गेल्यावर माकडाच्या यकृतावरील त्याचा जोर ओसरला. पण मेंदूवरचा वाढला. चोर पुढच्या दाराने हाकलावा आणि तो परसदाराने आत यावा, तसेच झाले. या विषाणूची लस फ्रेंचांनी आफ्रिकेतील आपल्या वसाहतींत वापरली. काही जणांना, विशेषतः मुलांना, मेंदूचा दाह झाला.

थायलर यांनी मग विषाणू काचपात्रात वाढविला: प्रथम उंदराच्या गर्भाच्या ऊतींत, नंतर कोंबडीच्या गर्भाच्या, आणि शेवटी मेंदू व मज्जारज्जू काढून टाकलेल्या गर्भाच्या ऊतींत. एका पात्रातून दुसऱ्यात, पुन्हा तिसऱ्यात, असे शेकड्याने संक्रमण चालले. ८९व्या आणि ११४व्या संक्रमणाच्या दरम्यान केव्हातरी विषाणू बदलला. आता तो थेट माकडाच्या मेंदूत टोचला तरी माकड सहसा मरत नसे, आणि पुढे मूळचा जहाल विषाणू टोचला तरी तगून राही. याहून कठोर कसोटी कोणती असणार? नवल असे, की तीच कृती पुन्हा करूनही तो बदल त्यांना पुन्हा घडविता आला नाही. ह्यू स्मिथ यांच्यासह त्यांनी १९३७ साली हे काम प्रसिद्ध केले. ‘१७ डी’ हे त्या वाणाचे नाव. ब्राझीलमध्ये १९३८ अखेर दहा लाखांवर लोकांना ती लस मिळाली. १९५१ साली थायलर यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

येथेच थांबलो असतो तर कथा सोपी झाली असती. पण १९४२ साली ही लस टोचलेल्या सुमारे ५०,००० अमेरिकन सैनिकांना कावीळ झाली. दोष पीतज्वराच्या विषाणूचा नव्हता. लस टिकावी म्हणून तीत मिसळलेल्या मानवी रक्तजलातून काविळीचा ‘ब’ विषाणू शिरला होता. ऱ्हीसस माकडाला तो बाधत नाही. मग माकडावरील चाचणीत तो सापडणार कसा? ज्या प्राण्याने एक संकट उघडे केले, तोच दुसऱ्यापुढे मुका राहिला. आम्हांस या लशीच्या यशापेक्षा ही घटना अधिक विचार करण्याजोगी वाटते. पुढे रक्तजल वगळून लस तयार होऊ लागली.

माणसाचे प्राण वाचविण्यासाठी वाजवी मर्यादेत प्राण्यांवर प्रयोग करण्यास १९९२ साली प्रसिद्ध झालेली ख्रिस्तसभेची धर्मशिक्षणपुस्तिका मुभा देते. निष्कारण छळ मात्र माणुसकीला अशोभनीय मानते. ती मर्यादा कोठे, हा वाद प्रत्येक पिढीला घालावाच लागतो. आपल्याकडून परदेशी जाणाऱ्या माकडांची निर्यात १९७८ साली सरकारने बंद केली.

भारतात पीतज्वर नाही. पण तो पसरविणारा डास आपल्या अंगणातील पाण्याच्या पिंपातही वाढतो. म्हणूनच आफ्रिकेहून परतणाऱ्याची पिवळी पुस्तिका विमानतळावर तपासली जाते. आपल्याकडे ही लस हिमाचलातील कसौलीच्या केंद्रीय संशोधन संस्थेत तयार होत आली आहे. लशीच्या प्रत्येक नव्या बीज-साठ्याची परीक्षा आजही माकडाच्या मेंदूत टोचून होते, आणि त्या कुपीतील दुबळा विषाणू हा १९२७ साली असिबीच्या रक्तातून घेतलेल्या विषाणूचाच वंशज असतो.